स्पोमेंकाच्या गाडीतली फेरीबोट

शर्टांच्या कारखान्यात स्पोमेंकानं अठरा वर्षं काढली. शिवायला नव्हती ती, तपासायला होती. शिवलेला शर्ट पुढ्यात आला की ती कॉलर उलटी करायची, बाहीच्या शिवणीवरून अंगठा फिरवायची, आणि सैल टाका डोळ्याला दिसायच्या आधी तिच्या बोटाला कळायचा. कारखाना बंद पडला तेव्हा तिला बेचाळीसावं लागलं होतं. रोजगार कचेरीनं सॉफ्टवेअर तपासणीचा सहा महिन्यांचा वर्ग काढला, तिथं ती जाऊन बसली. वर्गातल्या बऱ्याच पोरांच्या आया तिच्यापेक्षा लहान होत्या.

वर्ग संपल्यावर नोव्ही सादमधल्या एका कंपनीनं तिला घेतलं. गाडीत स्टिअरिंगच्या शेजारी जी स्क्रीन असते, तिच्यावर चालणारं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. टेबलावर नुसत्या स्क्रीन मांडलेल्या, मागे तारांचा गुंता, गाडीचा पत्ता नाही. स्पोमेंकानं दिवसभर त्या स्क्रीनना बोटं लावायची आणि कुठं काय बिघडतंय ते लिहायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं गटप्रमुख किंगाला बोलावलं.

"हे बटण सरकलंय."

किंगा सुबोतित्साची, हंगेरियन घरातली, वयानं तिच्याहून बारा वर्षांनी लहान. तिनं डोळे बारीक केले. "मला तर सरळ दिसतंय."

"डावीकडे. केसभर."

किंगानं मोजलं. दोन ठिपके सरकलेलं होतं. ती स्वतःशीच हंगेरियनमध्ये काहीतरी पुटपुटली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सर्बियनमध्ये म्हणाली, "मंडळी, आजपासून जपून. ह्या बाईच्या बोटाला डोळे आहेत."

तीन वर्षं अशी गेली. त्या तीन वर्षांत गाडीच्या स्क्रीनचे सगळे कायदे स्पोमेंकाच्या अंगवळणी पडले. गाडी चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे बघायचं ते कांदा चिरताना भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं तसं, एक नजर टाकली की परत सुरीवर. अक्षर हातभर लांबून वाचता आलं पाहिजे. बटण हातमोजा घातलेल्या अंगठ्यालाही सापडलं पाहिजे. चाकं फिरायला लागली की टाइप करणं बंद. हे सगळं ती दुसऱ्यांच्या कामात शोधत होती. स्वतः एक ओळ कधी लिहिली नव्हती.

आणि सप्टेंबरात कंपनीनं जाहीर केलं: तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, ज्याला हवं त्यानं स्वतःच्या मनानं केलेलं एक छोटं अॅप दाखवायचं. अट एकच, ते गाडीतल्या ब्राउझरवर उघडणारं वेबपान हवं, गाडीत काही बसवायला लागता कामा नये. तपासणीवाले अशा शुक्रवारी फक्त चीज भरलेला बुरेक खायला येत. नावं लिहून घेताना स्पोमेंकाचा हात वर गेला तेव्हा किंगाला वाटलं, तिला काही शंका विचारायची आहे.

"करणार काय तू?"

"फेरीबोट," स्पोमेंका म्हणाली.

स्पोमेंका राहते लिपोव्हाचला, डॅन्यूबच्या दक्षिण काठावर, द्राक्षमळ्यांच्या उतारावर. समोरच्या काठाला स्लातिना. मधे फेरीबोट, एका वेळी दहा गाड्या नेणारी. बोट मिळाली तर कंपनी पस्तीस मिनिटांवर. नाही मिळाली तर खालच्या रस्त्यानं पुलाला वळसा, सव्वा तास. आणि निर्णय घ्यायचा तो चर्चखालच्या तिठ्यावर. डावीकडे उतरलं की नदी, उजवीकडे वळलं की पूल. तिथून नदी दिसत नाही, आड पॉप्लरच्या झाडांची दाट रांग आहे. धुकं असलं की बोट बंद, कोशावा वारा सुटला की बंद, पाणी उतरलं की बंद. बोटवाला स्रेदोये फोन उचलत नाही. आख्खं लिपोव्हाच रोज सकाळी त्या तिठ्यावर जुगार खेळतं, आणि हरलेले लोक काठावर गाडी लावून मोकळ्या पाण्याकडे बघत शिव्या घालतात.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत किंगानं तिला वेबपान कसं लिहितात ते दाखवलं. चार ओळी. पांढऱ्या पडद्यावर काळ्या अक्षरात "लिपोव्हाच" उमटलं. स्पोमेंकानं अक्षर मोठं केलं. अजून मोठं केलं. पार्श्वभूमी हिरवी केली.

"खाली चल," ती किंगाला म्हणाली.

"कुठं?"

"माझ्या गाडीत. चल ना."

तिची गाडी जुनीच घेतलेली, पण स्क्रीन होती आणि स्क्रीनमध्ये ब्राउझर होता, जो तिनं आजवर कधी उघडला नव्हता. दोघी पार्किंगमध्ये जाऊन बसल्या. स्पोमेंकानं एका बोटानं पत्ता टाइप केला, दोनदा चुकली. मग रेडिओचं नाव जिथं यायचं तिथं, तिच्या स्वतःच्या गाडीत, तिनं स्वतः लिहिलेलं अक्षर हिरवंगार उभं राहिलं.

अठरा वर्षं तिनं दुसऱ्यांनी शिवलेलं तपासलं, तीन वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं. "किंगा," ती म्हणाली, "हे मी केलंय."

"तूच केलंयस. आता दार उघड, इथं उकडतंय."

स्पोमेंका एकटी आणखी अर्धा तास गाडीत बसून राहिली. हिरव्याचं निळं केलं, निळ्याचं परत हिरवं केलं. त्या दिवशी तिचं जेवण राहिलंच.

पानावर आता तीन अवस्था झाल्या: "आपल्याकडे", "नदीत", "पलीकडे". किंगानं बघितलं आणि विचारलं, "आपल्याकडे म्हणजे कुणाकडे? स्लातिनाचा माणूस हे उघडेल तेव्हा?"

स्पोमेंकाला आजवर नदीला एकच काठ आहे असं वाटत आलं होतं. तिनं तिथंच खोडून गावांची नावं घातली.

पण पानाला सांगणार कोण, बोट कुठं आहे ते? शनिवारी ती सफरचंदाची पिता, म्हणजे गोड सारणाची पोळी, भाजून, रुमालात बांधून घाटावर गेली. चिका स्रेदोये, सगळं गाव त्यांना चिका म्हणजे काकाच म्हणतं, केबिनमध्ये लोखंडी स्टुलावर बसले होते.

"चिका स्रेदोये, एक काम होतं. तुम्ही काठाला लागलात की फोनवर एक बटण दाबायचं. बाकी काही नाही."

"दोन्ही हात सुकाणूवर असतात माझे."

"लागल्यावर दाबायचं."

"लागल्यावर साखळी असते हातात." त्यांनी पिताचा तुकडा तोडला. "मी नावाडी आहे, पोरी. टेलिफोन एक्स्चेंज नाही. बोट कुठं आहे हे ज्याला बघायचंय त्यानं खाली येऊन बघावं. माझ्या बापाच्या वेळी लोक घोडागाडी घेऊन यायचे, ते नाही विचारायचे."

"ते काठावर झोपायचे, चिका. मला नऊला ऑफिस असतं."

"मग लवकर उठ."

पिता संपली, स्रेदोये बधले नाहीत. स्पोमेंका घरी आली ती धुसफुसतच. नवरा लाझार अंगणात द्राक्षाचे क्रेट धूत होता. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला काही करायला लावू नकोस. तो काही करणार नाही. त्याला काहीच करायला लागणार नाही असं काहीतरी कर."

तो बोलला तो क्रेटकडे बघत, सहज. स्पोमेंका जागच्या जागी थांबली. मग आत गेली, आणि लाझारचा काच तडकलेला जुना फोन खणातून शोधून घेऊन आली.

सोमवारी सकाळी पहिल्या खेपेला तिनं तो फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून केबिनमध्ये नकाशाच्या फळीखाली बांधला आणि बोटीच्या बॅटरीला जोडला. फोन दर अर्ध्या मिनिटाला स्वतःच सांगणार, मी कुठं आहे. बटण नाही, काही नाही. स्रेदोयेंनी वाकून डब्याकडे बघितलं.

"हा ऐकतो का?"

"काय ऐकतो?"

"मी जे बोलतो ते. गाडी आडवी लावणाऱ्यांना मी काय काय बोलतो, ते सगळं नोव्ही सादला ऐकू जाणार असेल तर काढ तो आत्ताच्या आत्ता."

"ऐकत नाही, चिका. त्याला फक्त जागा कळते."

"मग राहू दे," स्रेदोये म्हणाले. "पिता बरी होती."

त्या दिवशी दुपारी ऑफिसात बसून, वीस किलोमीटरवरून, स्पोमेंकानं आपल्या पानावर बोट हलताना बघितली. स्लातिना. नदीत. नदीत. लिपोव्हाच. ती खुर्चीतून उठली, परत बसली, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला, ज्याच्याशी ती आजवर हवापाण्यापलीकडे बोलली नव्हती, त्याला दंडाला धरून आणलं. "बघ. तो आत्ता साखळी टाकतोय. आत्ता, ह्या क्षणाला."

पुढचे दहा दिवस तिला जेवण्याखाण्याची शुद्ध नव्हती. फोन मधूनच वेड्यासारखी जागा सांगायचा. एका संध्याकाळी लाझार घरात येऊन शांतपणे म्हणाला, "स्पोमेंका, तुझी बोट आपल्या मळ्यात चढलीय. वरच्या वाफ्यात. द्राक्षं तोडायला घेऊ का तिला?" मग तिनं पानाला शिकवलं की बोट नदीबाहेर कधीच नसते. दुसरी पंचाईत म्हणजे, पॉप्लरखाली फोनचं नेटवर्क गेलं की पान जुनीच माहिती धरून बसायचं. दहा मिनिटं बातमी नाही आली तर स्क्रीन राखाडी करायची आणि लिहायचं "माहीत नाही", असं तिनं ठरवलं.

किंगाला ते पटलं नाही. "लोकांना वाटेल बिघडलंय. शेवटची जागा दाखव ना."

"न बघितलेल्या शर्टावर मी कधी शिक्का मारला नाही."

"हा शर्ट नाहीये."

"शर्टाचं बटण तुटलं तर माणूस बटण लावतो. इथं खोटं सांगितलं तर त्याची सकाळ जाते. राखाडी राहू दे."

राखाडी राहिलं. आणि नावाखाली तिनं एक मोठा आकडा घातला: त्या काठाला लागून किती मिनिटं झाली. बोट सुटेल की नाही हे पानानं सांगायचं नाही, फक्त मिनिटं मोजायची. ठरवायचं ज्याचं त्यानं.

शुक्रवारी सादरीकरण झालं. गाडीत मांजर बोलतं असं एक अॅप होतं, गाणं ओळखायचा खेळ होता, टायरमधली हवा चित्रांत दाखवणारं काहीतरी होतं. स्पोमेंका पुढं गेली आणि नऊ वाक्यं बोलली. मग तिनं स्क्रीनकडे बोट केलं. "स्लातिना, ३." सगळे बघत राहिले. आकडा चारचा झाला, मग नाव बदलून "नदीत" आलं, आणि मागच्या रांगेतून हिशेब खात्यातला एक माणूस उठून म्हणाला, "मी स्लातिनाचा आहे. ही खरी बोट आहे? ह्या घटकेची?"

"ह्या घटकेची."

"पत्ता सांगा."

बक्षीस गाणं ओळखायच्या खेळाला मिळालं. स्पोमेंकाला ते तासाभरानं कळलं, कारण ती पार्किंगमध्ये होती. अकरा गाड्यांच्या स्क्रीनवर ती एकेक करून पत्ता टाइप करून देत होती. त्यातली एक गाडी इतकी नवी होती की तिच्यावर अक्षरं चिमुकली दिसली. स्पोमेंका तशीच पळत वर गेली, दुरुस्त करून खाली आली, आणि त्या माणसानं पान पुन्हा उघडलं तर अक्षरं टपोरी. ना काही बसवायचं, ना काही उतरवून घ्यायचं. वर लिहिलं की खाली बदललं. तिला ह्याची इतकी मजा वाटली की तिनं उगाचच आणखी एकदा रंग गडद केला.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी तिच्या भाचीचं, भावाच्या तेओदोराचं, लग्न होतं. नवरा स्लातिनाचा. वऱ्हाड सकाळी बोटीनं पलीकडून आलं, बारा गाड्या, दोन खेपांत, पुढच्या गाडीवर रुमाल बांधलेले. अंगणात ट्रंपेटवाले वाजवत होते, दाराशी नवरीच्या भावानं वऱ्हाडाला रीतीप्रमाणे अडवून भरपूर झुलवलं, रकियाची दारू फिरली, कोलो नाच झाला. लग्न एक वाजता स्लातिनाच्या चर्चमध्ये. पाद्रीबाबांनी बजावलं होतं, दोनला दुसऱ्या गावी त्यांचं दुसरं लग्न आहे, एक म्हणजे एक.

साडेअकराला वऱ्हाड निघालं, आता नवरीकडच्या दोन धरून चौदा गाड्या. हॉर्न, ट्रंपेट, खिडक्यांतून बाहेर काढलेले हात. सगळ्यात पुढं नवऱ्याकडचा मानकरी, वुयादिन, जाड मिशांचा, गळ्यात भरतकामाचा रुमाल. त्याच्या मागच्या गाडीत स्पोमेंका, शेजारी लाझार, मागच्या सीटवर तेओदोरा आणि तिचा सगळी सीट व्यापणारा झगा.

तिठा जवळ आला आणि स्पोमेंकानं स्क्रीनवर एक नजर टाकली. "स्लातिना, १९."

तिनं परत बघितलं. वीस झाले. बाहेर चर्चच्या अंगणातलं लिंडेनचं झाड एका बाजूला झुकलेलं होतं.

"लाझार, वारा."

"अंगणात तर नव्हता."

"अंगणाला डोंगराची आड आहे. नदीवर कोशावा सुटलाय." पुढं वुयादिनच्या गाडीचा डावा दिवा लुकलुकायला लागला होता. उतारावर चौदा गाड्या एकदा खाली घुसल्या की त्या अरुंद रस्त्यावर वळवायला अर्धा तास. स्पोमेंकानं हॉर्न दाबला, पण सगळेच दाबत होते. मग तिनं गाडी जोरात पुढं काढली, वुयादिनच्या आडवी घातली आणि उंच टाचांवर खाली उतरली.

"विहीणबाई," वुयादिन खिडकीतून म्हणाला, "नवरी पुन्हा अडवायचीय का? एकदा झालं की."

"व्याही, उजवीकडे वळा. पुलावरून जायचं. बोट बंद आहे."

"सकाळी त्याच बोटीनं आलो आम्ही."

"सकाळी वारा नव्हता. एकवीस मिनिटं झाली, बोट पलीकडेच आहे."

"म्हातारा कॉफी पीत असेल."

"चिका स्रेदोये कॉफी चार मिनिटांत पितात. मी तीन आठवडे मोजतेय. आणि ह्या लग्नाच्या दिवशी, वऱ्हाड यायचंय हे माहीत असताना, ते पलीकडे थांबणार नाहीत. बांधून ठेवलीय त्यांनी बोट."

मागून ट्रंपेटवाल्यांना वाटलं काहीतरी रीत चाललीय, त्यांनी वाजवायला आणखी जोर केला. वुयादिननं रुमालानं मान पुसली. "बेचाळीस वर्षं मी नदीकाठी राहतोय, विहीणबाई. आणि वऱ्हाड फिरवू ते एका टीव्हीच्या सांगण्यावरून? पुलावरून गेलो आणि बोट चालू निघाली तर आख्खी स्लातिना मला हसेल."

"आणि खाली गेलो आणि बोट बंद निघाली तर?"

त्याची बायको शेजारी बसली होती. तिनं हात लांबवून त्यांच्याच गाडीच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "अहो, हेच ना ते? हिशेब खात्यातल्या भाच्यानं परवा घालून दिलंय. मी म्हटलं, असेल काहीतरी." स्क्रीन उजळली. त्याच टपोऱ्या अक्षरांत: "स्लातिना, २२."

वुयादिननं आधी स्वतःच्या स्क्रीनकडे बघितलं, मग स्पोमेंकाच्या गाडीतल्या, मग झुकलेल्या लिंडेनकडे. मागच्या खिडकीतून तेओदोरानं डोकं बाहेर काढलं, डोक्यावरची जाळी वाऱ्यानं तिच्या तोंडावर. "आत्या, काय झालंय?"

"काही नाही, बाळ. पुलावरून जातोय."

वुयादिननं डावा दिवा बंद केला आणि उजवा लावला.

एक वाजायला सहा मिनिटं असताना चौदाच्या चौदा गाड्या स्लातिनाच्या चर्चपुढं लागल्या. पाद्रीबाबा पायरीवर घड्याळ बघत उभे होते. सोहळा झाल्यावर स्पोमेंका झगमगत्या कपड्यांनिशी तशीच घाटावर गेली. डॅन्यूबवर पांढऱ्या लाटा उठत होत्या. बोट दोन साखळ्यांनी बांधलेली आणि केबिनमध्ये स्रेदोये पावात चीज घालून खात बसलेले.

"पुलावरून गेलात?" त्यांनी विचारलं.

"गेलो."

त्यांनी नकाशाच्या फळीखालच्या डब्याकडे मानेनं खुणावलं. "सकाळपासून त्याच्याकडे बघतोय मी. म्हटलं, आता काय सांगतोय हा त्यांना? ओरडून सांगावंसं वाटत होतं, वर जा म्हणून. मग आठवलं, तो ऐकत नाही."

स्पोमेंका हसली आणि त्यांना ओढूनच लग्नाच्या जेवणाला घेऊन गेली. तिथं वुयादिन टेबलाटेबलावर जाऊन सांगत होता की वाऱ्याचा वास त्याला अंगणातच आला होता. तिनं त्याला सांगू दिलं. पण जेवण अर्धं व्हायच्या आत सतरा जणांनी तिला बाहेर नेऊन आपापल्या गाडीत पान उघडून घेतलं. त्यात जनावरांचा डॉक्टर होता, पाववाली होती, आणि शेवटी, दुसरं लग्न उरकून परत आलेले पाद्रीबाबाही होते. लाझार मांसाची ताटली हातात घेऊन पार्किंगमध्ये तिच्या मागे मागे फिरत होता आणि दोन गाड्यांच्या मधे तिला घास भरवत होता.

नोव्हेंबर लागेपर्यंत दोन्ही काठांवर दीडशेवर गाड्यांत ते पान उघडं असायचं. किंगानं वरच्यांशी भांडून स्पोमेंकाला आठवड्यातले दोन दिवस तपासणीतून मोकळं केलं, लिहिण्यासाठी. स्पोमेंकानं तिला वाइनची बाटली दिली, लाझारनं स्वतः केलेली. किंगा म्हणाली, वाइन आंबट आहे, पण बाटली परत दिली नाही.

मग फ्रुष्का गोरा डोंगराच्या घाटरस्त्यावर पहिला बर्फ पडला. त्या सोमवारी स्पोमेंका साडेसातलाच ऑफिसात पोचली, कोट न काढताच किंगाच्या टेबलाशी गेली आणि तिची खुर्ची पायानं बाजूला ढकलली.

"सरक थोडी," ती म्हणाली. "बर्फ काढणारे ट्रक सकाळी कुठं कुठं असतात, ते कुणालाच माहीत नसतं. मी त्यांच्या एका ड्रायव्हरशी बोललेय. ट्रकमध्ये फोन ठेवायला तो हो म्हणालाय."